वरच्या मजल्याची डीबी: न्यूट्रल वेगळा, अर्थ वेगळी

इंदिरानगर, सिडको, सातपूर कॉलनी. नाशिकच्या या भागांत जुन्या रो-हाउसवर मजला चढवायचं काम निघालं की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "खालच्या बोर्डातून एक लाइन वर खेचा, वर छोटी डीबी ठोका, झालं काम." डीबी म्हणजे डिस्ट्रिब्युशन बोर्ड, सर्किटना वीज वाटणारी पेटी. लाइन खेचणं खरंच सोपं आहे. चुका होतात त्या वर पोचल्यावर, न्यूट्रल आणि अर्थ कुठे बांधायची या प्रश्नावर. आणि त्या चुका लगेच दिसतही नाहीत, कारण दिवे लागतात, पंखे फिरतात, गिझर तापतो.

हा लेख आयटीआयमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या आणि कामावर हाताखाली उभ्या असलेल्या मुलांसाठी आहे. ज्या घरमालकाला समोर चाललेलं काम कळावं असं वाटतं, त्याच्यासाठीही आहे. बल्ब, फ्यूज, स्विच बदलणं वेगळं. नवी डीबी बसवणं हे परवानाधारक विद्युत ठेकेदाराचं काम आहे, कायदाही तेच सांगतो. त्यामुळे घरमालकांनी हे वाचून पक्कड हातात घेऊ नये, प्रश्न विचारावेत.

आधी तीन तारा समजून घ्या

फेजमधून करंट येतो, न्यूट्रलमधून परत जातो. अर्थ वायरमधून रोजच्या दिवसात काहीच जायला नको. गिझरच्या आत फेज सुटून पत्र्याला टेकली तरच तिचं काम सुरू होतं.

इतकं सांगितलं की एखादा हुशार मुलगा विचारतो, "पण काका, ट्रान्सफॉर्मरवर न्यूट्रल जमिनीतच गाडलेला असतो ना? मग दोन्ही एकच झाले. डीबीत जोडून टाकले तर काय बिघडलं?"

काय बिघडतं ते आकड्यांत बघू. वरच्या डीबीत कुणीतरी न्यूट्रल लिंक आणि अर्थ लिंक (सगळे न्यूट्रल आणि सगळ्या अर्थ जिथे बांधतात त्या दोन पट्ट्या) तारेच्या तुकड्याने जोडून ठेवलीय. एक दिवस खालून येणाऱ्या न्यूट्रलचा स्क्रू ढिला होऊन तार सुटते. गिझर चालूच आहे. २००० वॅटच्या गिझरचा रोध साधारण २६ ओम. करंटला परतायला आता एकच वाट उरली: अर्थ वायर आणि अंगणातला अर्थिंगचा खड्डा, जिथे ती जमिनीत गाडलेल्या पाइपाला किंवा प्लेटला जोडलेली असते. खड्डा १० ओमचा असेल तर घरातल्या प्रत्येक अर्थ केलेल्या पत्र्यावर ६०-६५ व्होल्ट उभे राहतात. मे महिन्यात सुकून तो १०० ओमवर गेला असेल तर १८० च्या वर. फ्रिज, वॉशिंग मशीन, पंपाची बॉडी, सगळं एकदम. आणि खालच्या मजल्यावरचंही, कारण अर्थ सामाईक आहे. एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) पडत नाही, कारण तिच्या दृष्टीने गिझर नेहमीइतकाच, किंबहुना थोडा कमीच करंट घेतोय.

म्हणून सब-डीबीत, म्हणजे मेन बोर्डावरून निघालेल्या या वरच्या डीबीत, न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना कुठेही भेटता कामा नयेत.

यूट्यूबवर अमेरिकन व्हिडिओ बघणाऱ्यांसाठी इथे थोडं थांबतो. तिकडे घराच्या मुख्य पॅनेलमध्ये न्यूट्रल आणि अर्थ मुद्दाम जोडतात आणि सबपॅनेलमध्ये तो जोड काढून टाकतात. तो हिरवा स्क्रू काढतानाचे व्हिडिओ खूप फिरतात. त्यातला सबपॅनेलचा नियम आपल्याला लागू आहे, मुख्य पॅनेलचा नाही. आपल्याकडे ग्राहकाने न्यूट्रलला अर्थ कुठेच जोडायची नाही, मेन बोर्डातही नाही. ते काम महावितरणच्या ट्रान्सफॉर्मरवर झालेलं असतं. दुसरं, तिकडे काळी वायर म्हणजे फेज आणि पांढरी म्हणजे न्यूट्रल. आपल्याकडे काळी म्हणजे न्यूट्रल. फेज लाल, पिवळी किंवा निळी. अर्थ हिरवी किंवा हिरवी-पिवळी. व्हिडिओ बघून रंग जुळवायला गेलात तर जीवावर बेतेल.

लोड, मग वायर

वरच्या मजल्यावर काय काय येणार ते कागदावर लिहा. दीड टनाचा एसी १६०० वॅट, गिझर २०००, इस्त्री किंवा मिक्सरसारखं काहीतरी १०००, दिवे-पंखे-टीव्ही मिळून ४००. बेरीज ५००० वॅट. भागिले २३०, म्हणजे जवळपास २२ अँपिअर. सगळं एकाच वेळी क्वचित चालतं, पण थंडीत सकाळी गिझर आणि इस्त्री बरोबरच चालू असतात, तेव्हा फार कंजूषपणा करू नका.

इथे खालच्या बोर्डात ३२ अँपिअरची एमसीबी आणि तिथून वर कॉपरची वायर. अनेकजण ६ स्क्वेअर एमएम ओढतात. मी १० ओढतो. कन्ड्युटमध्ये (वायरीच्या नळीत) कोंबलेल्या ६ च्या वायरला कंपन्यांच्या तक्त्यात ३०-३१ अँपिअरच्या आसपासच झेपतात, आणि वर आपल्याकडचा एप्रिल-मे आहे. सहाचीच वायर घालायची असेल तर एमसीबी २५ ची घ्या. एमसीबी वायरला वाचवण्यासाठी असते, हे विसरून लोक "सारखी पडते" म्हणून ४० ची लावतात आणि मग कन्ड्युटमध्ये वायर भाजते.

मेन बोर्डापासून सब-डीबी २५ मीटरवर असेल तर १० च्या वायरीत २२ अँपिअरला जेमतेम २ व्होल्ट पडतात. त्याची काळजी नको. शंभर मीटरवर मात्र तेच ८ व्होल्ट होतात, तेव्हा जाडी वाढवावी लागते.

न्यूट्रल फेजइतकाच जाड. अर्थ वायरसाठी आयएस ३०४३ चा (अर्थिंगच्या भारतीय मानकाचा) नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: फेज १६ स्क्वेअर एमएमपर्यंत असेल तर अर्थ तेवढीच, १६ ते ३५ च्या दरम्यान असेल तर अर्थ १६, त्यापुढे फेजच्या निम्मी. म्हणजे आपल्या १० च्या फेजला १० ची हिरवी. "अर्थ कुठे काम करते" म्हणून दीडची वायर ओढणारे भेटतात. बिघाडाच्या क्षणी सगळा करंट तिच्यातूनच जाणार असतो.

एकूण तीन तारा खालून वर जायला हव्यात. फक्त दोन नेऊन वर गच्चीतल्या लोखंडी सळीला अर्थ बांधली, असं चालत नाही. नळाच्या पाइपाला तर नाहीच. आता बहुतेक ठिकाणी पाइप प्लास्टिकचे आहेत, म्हणजे ती अर्थ हवेत लटकलेली असते. गॅसच्या पाइपाला हातही लावू नका.

मजला वाढला की लोडही वाढतो. बिलावर मंजूर भार छापलेला असतो, तो बघा. कमी पडत असेल तर महावितरणकडे वाढवून घ्या, त्यासाठी ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतोच.

खड्डा

नाशिक म्हणजे काळा बेसॉल्ट. वर कुठे काळी माती, कुठे मुरूम, आणि पहार मारली की खाली कातळ. अर्थिंगच्या दृष्टीने ही अवघड जमीन आहे. काळी माती पावसाळ्यात ओल धरते तेव्हा छान आकडा देते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि ती इलेक्ट्रोडपासून (गाडलेल्या पाइप-प्लेटपासून) सुटते. मुरूम तर पाणी धरतच नाही. म्हणून ऑगस्टमध्ये मोजलेल्या अर्थिंगवर माझा विश्वास नाही. मोजायचं तर मे महिन्यात मोजा.

पाइप अर्थिंगसाठी किमान ३८ मिलीमीटर आतल्या व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) पाइप. प्लेट असेल तर ६० बाय ६० सेंटिमीटर, तांब्याची ३.१५ मिलीमीटर जाड किंवा जीआयची ६.३ मिलीमीटर, आणि तिचा माथा जमिनीखाली निदान दीड मीटर. घराच्या भिंतीपासून दीड मीटर लांब. कातळ लवकर लागला तर पाइप अर्ध्यावर कापून "बसला" म्हणणारे पुष्कळ. त्यापेक्षा दुसरी जागा बघा, किंवा बोअर मारून घ्या, किंवा दोन इलेक्ट्रोड घालून जोडा. दोन इलेक्ट्रोड एकमेकांना चिकटून नकोत. त्यांच्या लांबीच्या दुप्पट अंतर ठेवलं तरच दुसऱ्याचा नीट उपयोग होतो.

खड्ड्यात भरायला कोळसा-मीठ स्वस्त आहे, पण मीठ धुपून जातं आणि जाता जाता जीआय पाइप खातं. बेंटोनाइट (फुगणारी चिकणमाती) थोडं महाग पडतं, पण ओल धरून ठेवतं. खड्ड्यावर चेंबर आणि झाकण ठेवा, वरून फरशी घालून टाकू नका. पुढच्या माणसाला जोड तपासायचा असेल तर तो फरशी फोडणार आहे का?

घरासाठी ५ ओमच्या आत आला तर उत्तम. पण आकडा कितीही चांगला आला तरी खड्ड्यावर विसंबून एमसीबी पडेल असं समजू नका. हिशोब करा: तुमचा खड्डा ८ ओम, ट्रान्सफॉर्मरकडचा २ ओम. फेज गिझरच्या बॉडीला टेकली तर करंट २३ अँपिअर. १६ अँपिअरच्या सी कर्व्ह एमसीबीला झटकन पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. २३ वर ती तासभरही तशीच उभी राहू शकते. तोवर गिझरच्या बॉडीवर १८४ व्होल्ट. आपल्याकडच्या अशा घरात आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की लाइन तोडणारा स्विच, हवीच, ती याच कारणासाठी.

डीबीत बसवताना

जागा अशी निवडा की समोर माणूस नीट उभा राहू शकेल, उंची साधारण छातीइतकी. बाथरूममध्ये नको, ओट्याच्या वर नको. बाहेर पार्किंगमध्ये किंवा गच्चीवर लावायचीच असेल तर पश्चिमेची भिंत टाळा, पावसाची झड तिकडूनच येते. बॉक्स झाकणाला रबर असलेला घ्या आणि वायर खालून आत न्या.

सब-डीबीच्या तोंडाशी दोन पोलचा आयसोलेटर, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा स्विच. न्यूट्रलवर एकटी एमसीबी किंवा फ्यूज कधीही नाही. सप्लाय थ्री फेज असेल तर चार पोल घ्या, आणि न्यूट्रलचा स्क्रू दोनदा आवळा. तिथे न्यूट्रल सुटला तर एखाद्या फेजवरचं व्होल्टेज ४०० कडे चढतं आणि टीव्ही, फ्रिज, सेट-टॉप बॉक्स रांगेने जातात.

आता लिंक. न्यूट्रल लिंक प्लास्टिकच्या बुडावर बसलेली असते, तिचा पत्र्याशी संबंध नसतो. अर्थ लिंक थेट पत्र्यावर स्क्रूने बसते. काही स्वस्त डीबींमध्ये दोन्ही पट्ट्या शेजारी असतात आणि एखादी लांब राहिलेली तार दोघींना टेकते. ती तारेची टोकं नीट कापा. एका भोकात एकच तार. वायरचे तंतू भोकात बसत नाहीत म्हणून चार-पाच कापून टाकायची जी सवय आहे, ती पहिल्या दिवसापासून लावून घेऊ नका. लग किंवा फेरूल (तारेच्या टोकावर बसणारी धातूची टोपी) लावा, दाबून क्रिम्प करा. खालची सर्व्हिस केबल ॲल्युमिनियमची असेल तर तांब्याशी थेट पीळ मारू नका, बायमेटॅलिक लग मिळतात.

डीबीचं दार पत्र्याचं असेल तर बिजागरीवर भरवसा ठेवू नका. दाराला वेगळी लवचिक अर्थ वायर द्या.

आरसीसीबी आणि जिन्याचा दिवा

३० मिलिअँपिअरची आरसीसीबी सब-डीबीतच बसवा. खाली मेनला एकच लावली तर वरच्या गिझरच्या बिघाडाने खालचा फ्रिज बंद पडतो आणि रात्री अंधारात कोणता मजला दोषी ते शोधत बसावं लागतं. दोन्हीकडे ३० च्या लावल्या तर कोणती आधी पडेल सांगता येत नाही. खाली १०० किंवा ३०० ची, उशिरा पडणारी, एस टाइप लावली तर क्रम नीट राहतो. आरसीसीबी ओव्हरलोडला पडत नाही, त्यामुळे तिचं रेटिंग आधीच्या एमसीबीइतकं किंवा जास्त हवं.

आरसीसीबी एवढंच बघते की तिच्यातून गेलेला करंट तिच्यातूनच परत आला का. म्हणून तिच्यापुढच्या प्रत्येक फेजचा न्यूट्रल तिच्याच लिंकवर यायला हवा. हे बोलायला सोपं आहे. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका घरी वरची डीबी बसवून आलो. संध्याकाळी फोन: "जिन्यातला दिवा लावला की सगळं जातं." दोन दिवस गिझर, एसी, बोर्ड उघडून बघितले. शेवटी सापडलं ते असं: जिन्याच्या दिव्याला फेज खालच्या सर्किटमधून आली होती आणि न्यूट्रल मी जवळ पडतो म्हणून वरच्या लिंकवर घेतला होता. करंट एका दारातून गेला आणि दुसऱ्या दारातून परत आला. मजला वाढवताना जिना हमखास विसरला जातो, तो आधी तपासा.

इन्व्हर्टरचंही तसंच. ज्या आरसीसीबीतून त्याला फेज दिली, त्याच्याकडून जाणाऱ्या दिव्या-पंख्यांचा न्यूट्रल त्याच लिंकवर हवा. "इन्व्हर्टर बसवल्यापासून आरसीसीबी पडते" ही तक्रार बहुतेक वेळा इथेच सुटते. दुर्दैवाने ती सोडवायची सोपी पद्धत म्हणून आरसीसीबी बायपास करणारेही आहेत. झाकण उघडल्यावर आरसीसीबीच्या वरच्या आणि खालच्या टोकांत तार टाकलेली दिसली की तो माणूस पुन्हा बोलवू नका.

वाडे आणि मळे

पंचवटी, जुनं नाशिक इथल्या वाड्यांत अजून दोन तारांची फिटिंग आहे, अर्थच नाही. तिथे नवी सब-डीबी घालून तीन पिनचे सॉकेट लावले जातात, आणि सॉकेटच्या आत अर्थच्या पिनेला न्यूट्रलचा तुकडा जोडून दिला जातो. ग्राहकाला टेस्टरवर सगळं ठीक दिसतं. न्यूट्रल सुटला की कूलरच्या पत्र्यावर अख्खे २३० व्होल्ट. लाकडी माळ्यावर नव्याने कन्ड्युट फिरवणं कटकटीचं आहे हे मान्य, पण निदान गिझर, कूलर आणि स्वयंपाकघरातल्या पॉइंटना खड्ड्यापर्यंत अर्थ नेल्याशिवाय नवी डीबी घालू नका.

दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षमळ्यात घरापासून पंपशेडपर्यंत फीडर जातो. तिथेही अर्थ वायर फीडरबरोबर न्या, शिवाय शेडजवळ एक इलेक्ट्रोड घाला आणि दोन्ही जोडा. नुसता शेडजवळचा पाइप उन्हाळ्यात कोरड्या मुरुमात निकामी होतो. आणि शेडच्या डीबीतही आरसीसीबी हवी. ओल्या पायांनी स्टार्टर दाबणारी माणसं तिथेच असतात.

चालू करण्याआधी

मेन बंद करा, त्यावर कुलूप किंवा निदान पाटी लावा. निऑन टेस्टर लागला नाही म्हणजे करंट नाही, असं धरू नका. मल्टिमीटर किंवा दोन टोकांच्या टेस्टरने फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ तिन्ही बघा, आणि तपासायच्या आधी तो टेस्टर चालू सॉकेटवर लागतो का तेही बघा.

मग बंद लाइनवर सब-डीबीच्या अर्थ लिंकपासून मेनच्या अर्थपर्यंत कंटिन्युइटी, म्हणजे तार अखंड आहे का ते बघा. नंतर सब-डीबीत येणारा न्यूट्रल लिंकवरून सोडवा, आणि न्यूट्रल लिंक ते अर्थ लिंक मेगर (इन्सुलेशन मोजणारा मीटर) लावा, ५०० व्होल्टवर. निदान १ मेगाओम हवा. त्यावेळी एसी, टीव्ही, एलईडी दिवे काढून ठेवा. इथे शून्य आलं तर कुठेतरी न्यूट्रल-अर्थ जोड आहे. सॉकेट एकेक उघडत चला.

जुने वायरमन फेज आणि अर्थ यांच्यात १०० वॅटचा बल्ब लावून बघतात: भरपूर पेटला की अर्थिंग पास. बल्बचाच रोध ५२९ ओम असतो. खड्डा ५० ओमचा असला तरी बल्बवर २१० व्होल्ट येतात आणि डोळ्याला फरक कळत नाही. अर्थ टेस्टरला पर्याय नाही, आणि भाड्यानेही तो मिळतो.

तसंच आरसीसीबीचं टेस्ट बटण. ते दर महिन्याला दाबायचंच, पण ते आतल्या रोधातून फेज-न्यूट्रलमध्येच गळती तयार करतं. घराला अर्थ अजिबात नसली तरी ते बटण काम करतं.

शेवटी न्यूट्रल परत जोडा, स्क्रू आवळा, सप्लाय द्या. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थही तेवढंच, न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट. गिझर चालू करून न्यूट्रल-अर्थ पुन्हा मोजा. तो दहा-पंधरावर उडी मारत असेल तर न्यूट्रलचा एखादा जोड ढिला आहे. दाराच्या आतल्या बाजूला कोणती एमसीबी कशाची ते मार्करने लिहा, आणि झाकण लावण्याआधी आतला एक फोटो काढून घरमालकाला व्हॉट्सॲपवर पाठवून द्या.